गोव्यातील कच्च्या डोंगरवाटा

गोव्याच्या पूर्व सीमेवर सह्याद्रीच्या उतारांवरून आणि घाटमाथ्यावरून जाणारे, डांबर न पडलेले रस्ते आणि त्यांवरून पायी केली जाणारी भटकंती. हे रस्ते मुख्यतः सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या तालुक्यांत असून त्यांतले बरेचसे अभयारण्यांच्या हद्दीतून जातात. समुद्र पाहायला येणाऱ्यांच्या गर्दीत गोव्याची ही डोंगराळ बाजू झाकून राहते. राज्याची पूर्व-पश्चिम रुंदी जेमतेम 60-65 किमी, पण तेवढ्यात जमीन भरतीच्या रेषेपासून थेट सह्याद्रीच्या माथ्यावर चढते. सत्तरीतील सोंसोगड हे शिखर 1,000 मीटरच्या पुढे जाते.

या वाटा तांबड्या दिसतात त्या जांभ्यामुळे. खालच्या उतारांवर जांभा दगड आणि त्याची झीज होऊन झालेली लालसर माती आहे. ईशान्येला सुर्ला-चोर्ल्याच्या बाजूला मात्र दख्खनचा काळा बेसॉल्ट सुरू होतो आणि पायाखालचा रंगही बदलतो. पावसाळ्यात पाणी रस्त्याच्या मधोमध चर पाडते, बारीक माती वाहून जाते आणि ऑक्टोबरात उघडे पडलेले गोटे उरतात. दिवाळीनंतर चिखल सुकला की त्यावर गव्याचे दुभंगलेले खूर, सांबराची नाजूक पावले आणि जीपच्या टायरची नक्षी एकाच ठिकाणी उमटलेली दिसते. कडेच्या झुडपांच्या पानांवर गुडघ्याच्या उंचीपर्यंत धुळीचा थर असतो, त्याच्या वर पान हिरवेगार. पायी चालणाऱ्यालाच दिसणाऱ्या या गोष्टी आहेत, जीपमधून त्या निसटून जातात.

यांपैकी एकही वाट सौंदर्य पाहण्यासाठी आखलेली नव्हती. किनाऱ्यावरचे मीठ, नारळ आणि सुके मासे बैलांच्या पाठीवर लादून घाटावर न्यायचे आणि वरचे धान्य खाली आणायचे, या व्यापारातून घाटवाटा रुळल्या. तांडे घेऊन जाणारे वंजारी, लाकूडतोडे, गुरे चारणारे धनगर गवळी आणि सीमेवरचे शिपाई या सगळ्यांच्या पायांनी त्या घडल्या. सत्तरीच्या राणे घराण्याला पोर्तुगीज सत्तेशी वर्षानुवर्षे झुंजता आले, त्यात या रानाचा आणि वाटांच्या माहितीचा वाटा मोठा होता. 1852 मध्ये दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेऊन बंड पुकारले आणि ते तीन वर्षे चालले. पुढे 1895 मध्ये दादा राणे यांच्या नेतृत्वाखाली पुन्हा उठाव झाला. पोर्तुगीज आणि ब्रिटिश यांच्यातील 1878 च्या तहानंतर मुरगाव बंदर ते घाटमाथ्यावरचे कॅसलरॉक हा लोहमार्ग झाला, 1888 मध्ये तो वाहतुकीस खुला झाला, आणि बैलांच्या तांड्यांचे दिवस सरत गेले.

कुळे ते दूधसागर हा कच्चा रस्ता सर्वांत प्रसिद्ध. कुळे गावातून निघून तो भगवान महावीर अभयारण्यातून धबधब्याच्या पायथ्याशी जातो. अंतर एका बाजूने दहा-बारा किलोमीटर. चढण फार नाही, पण रस्ता ठिकठिकाणी नदीच्या पात्रात उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. तिथे पूल नाहीत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाणी मांडीपर्यंत असू शकते, फेब्रुवारीत घोट्यापर्यंत येते. पात्रातले गोटे शेवाळाने बुळबुळीत असतात. म्हणून जाणती माणसे बूट काढून गळ्यात अडकवत नाहीत, बुटांसकट पाण्यात उतरतात आणि काठीने पुढचा दगड चाचपून मगच पाय टाकतात. दोन्ही बाजूंना माट्टी, किंदळ, जांभूळ आणि बांबूची बेटे आहेत. माट्टी हा गोव्याचा राज्यवृक्ष. त्याच्या मगरीच्या पाठीसारख्या भेगाळलेल्या सालीवरून तो लांबूनही ओळखू येतो. वर फांद्यांत शेकरू खडखडाट करते, आणि धनेश उडत गेला तर त्याच्या पंखांचा आवाज पक्षी दिसण्याआधी कानी पडतो.

दूधसागर सुमारे 310 मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने कोसळतो. त्याचे पाणी खांडेपार नदीतून मांडवीला मिळते. प्रपाताच्या साधारण मध्यावरून रेल्वेचा पूल जातो. कुळे ते कॅसलरॉक हा सुमारे 26 किमीचा घाट 1:37 इतक्या तीव्र चढाचा असल्याने गाड्यांना जादा इंजिने लावावी लागतात, आणि त्यांची घरघर खालच्या रानात बराच वेळ ऐकू येत राहते. एके काळी रुळांवरून चालत धबधब्याकडे जाण्याची मोठी लाट होती. बोगदे, अरुंद पूल आणि वळणावर अचानक समोर येणारी गाडी यांमुळे ते जिवावरचे काम आहे. रेल्वेने त्यावर बंदी घातली आहे, आणि ती योग्यच आहे.

चोर्ला घाटाचा मुख्य रस्ता आता पक्का आणि गजबजलेला आहे. त्याला फुटणाऱ्या मुरमाच्या वाटा मात्र अजून सुर्ल्याच्या सड्यांवर (डोंगरावरच्या खडकाळ पठारांवर) आणि म्हादई अभयारण्याच्या कडेला नेतात. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र येथे एकमेकांना भिडतात. पावसाच्या उत्तरार्धात सड्यांवरच्या पातळ मातीत निळी-जांभळी रानफुले पसरतात. कारवीला मात्र अनेक वर्षांनी एकदाच बहर येतो. कड्यावरून खाली पाहिले की वझर, म्हणजे धबधबे, दरीत कोसळताना दिसतात.

दक्षिणेला नेत्रावळी अभयारण्यात वेर्ले, तुडव आणि साळजिणी ही डोंगरावरची गावे आहेत. तिकडची वाट शांत आहे. वस्ती विरळ, कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) वळणावळणावर, आणि माणसे वाटसरूला अजून थांबवून पाणी विचारणारी.

चालण्याचा हंगाम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात जळवा, वाढलेले व्हाळ (ओढे) आणि घसरड्या उतारांमुळे बहुतेक वाटा बंद असतात. धबधब्यांवर बुडून झालेल्या मृत्यूंनंतर जुलै 2023 मध्ये अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास मनाई करण्यात आली होती. डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही व्हाळाला लोंढा येतो, हे गावातले पोरही सांगेल. जानेवारीनंतर धोका वेगळा असतो. सत्तरीत 2015 पासून माकडतापाची लागण दिसली आहे. हा रोग गोचिडींमुळे पसरतो, त्यामुळे लांब बाह्यांचा सदरा, मोज्यांत खोचलेली विजार आणि घरी परतल्यावर अंगाची नीट तपासणी यांत कसूर करू नये. मेलेले माकड दिसले तर त्याच्या जवळ न जाता वन किंवा आरोग्य खात्याला कळवावे.

अभयारण्यात वन खात्याची परवानगी लागते. कोणत्या वाटेवर पायी जाता येईल हे त्या त्या हंगामातील नियमांवर ठरते. गावातला वाटाड्या सोबत घेणे हा केवळ नियमाचा भाग नाही. कोणत्या कोंडात (खोल डोहात) उतरू नये, गव्यांचा कळप सध्या कुठल्या बाजूला आहे, कुठली फांदवाट नुसती रानात जाऊन संपते, हे नकाशावर नसते. सत्तरीत जुनी माणसे रानात शिरताना राखणदाराला, म्हणजे रानाच्या रक्षक देवाला, गाऱ्हाणे घालतात. पाहुण्याने तिथे गडबड न करता बाजूला उभे राहावे. देवराईतून काहीही उचलू नये, पडलेले फळसुद्धा नाही.

2020 मध्ये मोले राष्ट्रीय उद्यान आणि लगतच्या अभयारण्यातून लोहमार्गाचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि 400 केव्ही वीजवाहिनी नेण्याच्या प्रकल्पांविरुद्ध गोव्यात मोठे आंदोलन झाले. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंजुरी रद्द केली. कच्च्या वाटांचा प्रश्न यापेक्षा लहान दिसतो, पण तो त्याच रानाचा आहे. डोंगरातल्या गावांना दवाखान्यापर्यंत जाणारा पक्का रस्ता मिळायलाच हवा. पण ज्या वाटेच्या शेवटी फक्त धबधबा किंवा कडा आहे, तिथे डांबर नको. डांबराबरोबर वेग येतो, वेगाबरोबर रस्त्यावर चिरडलेले साप आणि बेडूक येतात, मग प्लास्टिक येते. जानेवारी 2020 मध्ये सत्तरीतील गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे बछडे विषबाधेने मेले. या रानात वाघ आहेत हे अनेकांना त्या बातमीने पहिल्यांदा कळले.

कुळे येथे रेल्वेने उतरता येते. फोंडा आणि मडगावहून रस्त्यानेही जाता येते. सत्तरीतील वाटांसाठी वाळपई आणि नेत्रावळीसाठी सांगे ही सोयीची गावे. घाटात मोबाइलची रेंज भरवशाची नसते, म्हणून परतण्याची वेळ गावात कुणाला तरी सांगून ठेवावी आणि रानातून दुपारी चारपर्यंत बाहेर पडावे.