एनसीव्ही तपासणीला येण्याआधी

चिठ्ठीवर 'एनसीव्ही', म्हणजे नसांमधून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी, दिसलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "करंट देणार का हो?" देतो. पण टिचकी बसावी एवढाच, आणि तुमच्या नसांना तो नवा नाही.

चेतापेशी निवांत असते तेव्हा तिचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा साधारण 70 मिलिव्होल्टने ऋण असतो. तिला डिवचलं की पडद्यातली दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, मागोमाग पोटॅशियम बाहेर पडतं. एक-दोन मिलिसेकंदांत खेळ संपतो, पण तोवर ही लाट पुढे सरकलेली असते. नस म्हणजे अशा पेशींच्या लांब तंतूंची जुडी, आणि कण्यापासून पायापर्यंत जाणारा एकच तंतू मीटरभर लांब असू शकतो.

तंतू संपतो तिथे पुढच्या पेशीआधी बारीकशी फट असते. बहुतेक ठिकाणी वीज ती ओलांडत नाही. टोकाशी साठवलेलं रसायन फटीत सुटतं आणि पलीकडची पेशी जागी होते. 1921 मध्ये शास्त्रज्ञ ओटो लोवींनी बेडकाच्या एका हृदयाची नस उत्तेजित करून ते मंदावलं, त्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं! नस आणि स्नायू यांच्यामध्ये हाच निरोप ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन पोचवतं.

आम्ही मनगटाशी आणि कोपराशी करंट देऊन अंगठ्याचा स्नायू कधी हलतो ते मोजतो. दोन वेळांतला फरक आणि मधलं अंतर यावरून वेग निघतो. निरोगी हातात तो सहसा सेकंदाला 50 मीटरच्या वर असतो. नस मनगटात दबली असेल तर उशीर तिथेच दिसतो.

गार नस संथ चालते. म्हणून एसी लोकलने ठाण्याला उतरून थेट आलात तर आधी हात कोमट पाण्यात धरायला लावू. उगाच वेळ काढतोय असं समजू नका.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. ही तपासणी जाड, वेगवान तंतूंचीच. जळजळ पोचवणारे बारीक तंतू सेकंदाला मीटर-दोन मीटरच चालतात आणि यात सापडत नाहीत. मधुमेहात कधीकधी तेच आधी बिघडतात. तळपाय जळतायत आणि रिपोर्ट नॉर्मल आला, तर 'मनाचे खेळ' म्हणून सोडू नका, डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

येताना हातापायाला तेल किंवा लोशन लावू नका, अंगठ्या-बांगड्या काढून या. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नंबर लावतानाच सांगा. उपाशी यायची गरज नाही.