हॉक माउंटनवरील शरदातील मोजणी: पार्श्वभूमी

पेनसिल्व्हेनियातील हॉक माउंटन या कड्यावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या शिकारी पक्ष्यांची मोजणी १९३४ पासून होत आली आहे. महायुद्धामुळे पडलेला १९४३ ते १९४५ चा खंड तेवढा वगळायचा. तिच्या मुळाशी संशोधन नव्हते. राज्याने १९२९ मध्ये गॉसहॉक हा शिकारी पक्षी मारणाऱ्यास पाच डॉलर इनाम जाहीर केले, आणि कड्यावर जमणाऱ्या बंदूकवाल्यांनी जाती ओळखण्याची तसदी कधी घेतली नाही. पुढे सुमारे १,४०० एकर डोंगर भाडेपट्ट्याने घेऊन शिकार थांबवण्यात आली आणि रखवालदाराने नोंदवही उघडली.

खरा घोळ ‘मोजणी’ या शब्दात आहे. जनगणनेप्रमाणे येथे एकूण संख्या हाती लागते, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात जे दिसले तेवढेच मोजले जाते. वायव्येचा वारा डोंगराला धडकून वर चढतो तेव्हा पक्षी त्याच्या आधाराने कड्यालगत येतात, वारा फिरला की पांगतात. सप्टेंबरच्या मध्यावर गरम हवेच्या झोतांवर घिरट्या घालत चढणारे ब्रॉड-विंग्ड हॉकचे थवे निरभ्र आकाशात नजरेतून सहज निसटतात. शिवाय आरंभीचा एकटा रखवालदार आणि नंतरचे दुर्बीणधारी चमू यांचे आकडे शेजारी कसे मांडायचे? म्हणून ताशी पक्षी हे माप पुढे आले, तरी त्याने वाऱ्याचा प्रश्न सुटत नाही.

कोवळ्या आणि प्रौढ पक्ष्यांचे प्रमाण मात्र एकूण आकड्यापेक्षा अधिक भरवशाचे ठरले. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या बाल्ड ईगल गरुडांपैकी ४० टक्के कोवळ्या वयाचे होते, १९५५ ते १९५९ मध्ये २० टक्के. १९५७ साली तर ३२ प्रौढांमागे एकच पिल्लू दिसले. वारा वयानुसार पक्षी निवडून आणत नाही, त्यामुळे डीडीटी या कीटकनाशकामुळे पिल्ले कमी निपजतात, या युक्तिवादात या नोंदींना वजन आले. अमेरिकेत डीडीटीवर १९७२ मध्ये बंदी आली.

पुढचा वाद याच्या उलट स्वरूपाचा होता. पूर्व किनाऱ्याजवळच्या मोजणीत शिक्र्याएवढ्या शार्प-शिन्ड हॉकचे आकडे १९८० च्या दशकात घसरू लागले. कोणी त्यात घट पाहिली, तर कोणी म्हणाले की अंगणातल्या दाण्यांवर येणारी पाखरे उत्तरेतच मिळत असल्याने हे पक्षी दक्षिणेकडे फारसे सरकत नाहीत. कड्यावरून पक्षी गेला नाही, एवढीच नोंद वहीत उरते. तो मेला की वाटेतच थांबला, हे ठरवण्यासाठी हिवाळ्यात उत्तरेकडे केलेल्या मोजण्यांचा आधार घ्यावा लागला.