चिनी स्वयंसेवी पर्यटकांचे देहानुभव

सुट्टीत पदरमोड करून परमुलखात जायचे आणि तिथे शिकवणे, प्राण्यांची निगा, साफसफाई अशी बिनपगारी कामे करायची, हे स्वयंसेवी पर्यटन. चीनमध्ये ते मुख्यतः शहरी, शिकलेल्या तरुणांत रुजले. त्यात पाहण्याइतकेच अंगावर घेण्यालाही मोल असते. थंडी, वास, चव, चढलेला दम यांतून प्रवाशाला जे उमगते त्याला देहानुभव म्हणतात.

तरुणांनी खेड्यात जाऊन राबणे चीनला नवे नाही. माओने छेडलेल्या सांस्कृतिक क्रांती नावाच्या राजकीय मोहिमेत, विशेषतः १९६८ नंतर, त्याच्या आदेशाने दीड कोटीहून अधिक शहरी तरुणांना खेड्यांत धाडले गेले. ती सक्ती होती; आजचा स्वयंसेवक आपखुशीने, अनेकदा शुल्क भरून जातो. स्वयंसेवेला खरा जोर आला २००८ मध्ये. १२ मे रोजी सिच्वान प्रांतात भूकंप झाला, तेव्हा लोक आपणहून मदतीला धावले आणि त्याच उन्हाळ्यात बीजिंग ऑलिंपिकसाठी विद्यार्थी मोठ्या संख्येने राबले.

सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे डोंगराळ शाळांत शिकवणे. गुइचौ, युन्नान हे प्रांत किंवा सिच्वानमधील लिआंगशान भागातल्या पुष्कळ मुलांचे आईवडील दूरच्या शहरांत कामाला असतात आणि मुले आजीआजोबांकडे वाढतात. २०१६ च्या सरकारी गणनेत अशी ग्रामीण मुले ९० लाखांवर होती. शांघायहून आलेल्या विद्यार्थ्याची पहिली कसोटी वर्गात नव्हे, खड्ड्याच्या संडासात लागते. मग अंघोळीचे वांधे, जेवणात बटाटा, कोबी आणि मिरची, दिवसभर ओरडून बसलेला घसा. थंडीत गुइचौच्या काही भागांत घरातली सगळी माणसे कोळशाच्या लोखंडी शेगडीभोवती बसतात आणि तिच्याच रुंद पत्र्यावर ताटल्या मांडून जेवतात. पाहुण्याचे गुडघे भाजतात, पाठ गारठते. मुले हाताला लोंबकळतात, केसांशी खेळतात. एवढी सलगी शहरात वाढलेल्या एकुलत्या एका मुलाला सुरुवातीला अवघडून टाकते.

तिबेटमधील, सुमारे ३,६५० मीटर उंचीवरच्या ल्हासात पर्यटकांच्या वसतिगृहात चादरी बदलणे, पाहुण्यांची नोंद ठेवणे अशा कामांच्या बदल्यात झोपायची जागा मिळते. तिथे जिना चढतानाच विरळ हवा आपले अस्तित्व दाखवते. सिच्वानच्या पांडा केंद्रांत बांबू जमिनीवर आपटून फोडणे आणि विष्ठा गोळा करणे ही कामे पर्यटकांना दिली जात. मोठा पांडा दिवसाला १२ किलोहून जास्त बांबू फस्त करतो, त्यामुळे गोंडस प्राण्याचे कौतुक पहिल्या तासातच घामात विरते. परदेशी जाणारे थायलंडमधील हत्तींची निगा किंवा नेपाळ, श्रीलंका, केनियातील शाळा निवडतात.

कष्ट सोसण्याला चिनी घरांत मोठा मान आहे. त्यामुळे हातावरचे फोड हीच सेवेची पावती ठरते आणि समाजमाध्यमांवरही तेच आधी झळकतात. अडचण अशी की, देहाला जे पटते ते गावाच्या कामी येतेच असे नाही. दोन आठवड्यांत स्वयंसेवक परततो, मुलांना नव्या 'दादा-ताई'ची सवय लावून घ्यावी लागते, आणि शिकवलेला धडा पुढच्या गटाकडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. चीनमध्येही अल्पकालीन अध्यापनावर याच कारणाने कडक टीका झाली आहे. १ डिसेंबर २०१७ पासून लागू झालेल्या स्वयंसेवा नियमावलीने कुणावर स्वयंसेवेची सक्ती करणे आणि सेवेच्या नावाखाली नफा कमावणे, दोन्हींना मनाई केली. सहल विकणाऱ्या कंपन्यांचे शुल्क यात कुठे बसते, हा वाद मात्र त्याने मिटण्यासारखा नाही.