'कोलेस्टेरॉल फ्री' तेलात वेगळं काय?
सांगलीच्या गणपती पेठेत तेल घेताना हमखास ऐकू येतं: "हृदयाचं चित्र असलेली पिशवी द्या, त्यात कोलेस्टेरॉल नसतं." अहो, घाण्यावरच्या शेंगतेलातही नसतं! कोलेस्टेरॉल असतं दूध, तूप, अंडी, मटणात. शेंगदाणा, करडई, सूर्यफुलाच्या तेलात ते नसल्यातच जमा. पिशवी खोटं बोलत नाही, पण त्या दोन शब्दांसाठी जादा पैसे कशाला मोजायचे? पिशवी उलटी करा आणि बारीक अक्षरातल्या तक्त्यात 'सॅच्युरेटेड फॅट'ची ओळ शोधा. पामतेलात ते निम्म्याच्या आसपास, शेंगतेलात साधारण पाचवा हिस्सा. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवण्यात याचाच हात मोठा. उष्मांक मात्र सगळ्या तेलांचे सारखेच, ग्रॅमला 9 किलोकॅलरी. चित्र हृदयाचं असो वा सूर्यफुलाचं.