मणक्यातला तुकडा तपासायला देताय? दोन डब्या मागून घ्या

"तुकडा काढलाय, तपासून द्या," म्हणत नातेवाईक आमच्या लॅबच्या काउंटरवर बाटली ठेवतात. झाकण उघडलं की फॉर्मेलिनचा, म्हणजे तुकडा टिकवायच्या रसायनाचा, डोळ्यांना झोंबणारा वास येतो आणि आम्हाला फार वाईट वाटतं. सगळाच नमुना फॉर्मेलिनमध्ये बुडाला, की त्यातले जंतू मरतात. मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, होत नाही, जनुकीय तपासणीही धड होत नाही. रुग्णाला पुन्हा टेबलावर पालथं झोपवून सुई घालावी लागते. हे टळावं म्हणून हे पत्रक.

सुईने काढलेला तुकडा शेवईएवढा बारीक असतो, लांबीला जेमतेम एक-दीड सेंटीमीटर. तेवढ्यातूनच सगळं शोधायचं असतं. म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा: एक भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला फॉर्मेलिनमध्ये, दुसरा कल्चर आणि जनुकीय तपासणीसाठी निर्जंतुक सलाइनमध्ये. पू निघाला असेल तर तोही निर्जंतुक डबीत द्या, कापसाच्या बोळ्यावर नको.

मणक्याला संसर्ग झाला, की पाठ महिनोन्महिने दुखते, रात्री जास्त. संध्याकाळी कणकण येते, वजन उतरतं. शेक, तेल, पट्टा सगळं करून झालेलं असतं. एमआरआयमध्ये संसर्ग दिसतो, पण जंतूचं नाव कळत नाही. आपल्याकडे पहिली शंका टीबीची येते आणि ती रास्तच आहे. हाडांच्या टीबीत जवळपास निम्मे रुग्ण मणक्याचे असतात. पण स्टॅफिलोकोकस, ई. कोलाय, कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेला, क्वचित बुरशीसुद्धा मणका पोखरते. प्रत्येकाचं औषध वेगळं. मणक्याच्या टीबीची औषधं वर्षभर, कधी त्याहूनही जास्त चालतात. नुसत्या अंदाजावर ती घेत राहणं आम्हाला पटत नाही.

सलाइनमधल्या नमुन्यावर टीबीसाठी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट करतात. या तपासण्या टीबीच्या जंतूचा डीएनए शोधतात आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, तेही सांगतात. यंत्रावर दोन-तीन तास पुरतात. सरकारी केंद्रांत त्या मोफत होतात, चौकशी जरूर करा. मात्र हाडाच्या नमुन्यात जंतू फार थोडे असतात. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे टीबी नाहीच, असं धरू नका.

कल्चरला वेळ लागतो, तो आमच्या हातात नाही. ई. कोलाय अनुकूल वातावरणात वीस मिनिटांत दुप्पट होतो, टीबीच्या जंतूला पंधरा ते वीस तास लागतात. म्हणून साधं कल्चर दोन ते पाच दिवसांत कळतं, टीबीचं निगेटिव्ह ठरवायला सहा ते आठ आठवडे. अंडं घालून केलेल्या हिरव्या माध्यमावर भाकरीच्या चुऱ्यासारखी पिवळट, खरखरीत वाढ दिसली, की आम्ही लगेच डॉक्टरांना फोन करतो. जिवंत जंतू हाती आला, की कोणतं औषध त्याला मारतं ते थेट तपासता येतं.

जीन सिक्वेन्सिंगबद्दल हल्ली बरेच जण विचारतात. यात नमुन्यातला डीएनए वाचून तो कोणत्या जंतूचा आहे ते ताडून पाहतात. अँटिबायोटिक आधीच सुरू झाल्यामुळे कल्चरमध्ये काहीच उगवलं नसेल किंवा जंतू वेगळाच असेल, तेव्हा हिचा खरा उपयोग. पण नमुन्यातला बहुतेक डीएनए माणसाचाच असतो आणि त्वचेवरचे निरुपद्रवी जंतूही यादीत येतात. त्या यादीतलं कोणतं नाव खरं, हे एमआरआय, तुकड्याचा सूक्ष्मदर्शकाखालचा रिपोर्ट आणि रुग्णाची तब्येत पाहून डॉक्टरच ठरवतात. मेलेल्या जंतूचा डीएनएही यात दिसतो, त्यामुळे औषध लागू पडतंय का हे पाहायला ही तपासणी पुन्हा करू नका. त्यासाठी ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या साध्या तपासण्या आहेत. सिक्वेन्सिंग महाग आहे. डॉक्टरांनी लिहून दिलं तरच करा.

पायातला जोर जात असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, तर लॅबकडे येऊ नका, थेट रुग्णालय गाठा. तिथे डॉक्टर नमुन्याआधीच औषध सुरू करतील तर करू द्या. एरवी नमुना निघेपर्यंत अँटिबायोटिक थांबवता येईल का, ते त्यांनाच विचारा.

नमुना काढल्यापासून दोन तासांत आणा. सोबत एमआरआयचा रिपोर्ट आणि आजवर घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी असली तरी चालतील. टीबीच्या कल्चरचा शेवटचा रिपोर्ट न्यायला मात्र नक्की या. दुखणं कमी झालं की बरेच जण येतच नाहीत, आणि औषधाला दाद न देणारा जंतू कित्येकदा त्याच कागदावर सापडतो.