कॅलिफोर्नियात रिअल इस्टेट एजंटचं लायसन्स: अर्ज नेमका कुठे अडतो

लायसन्स हातात आलंय, ज्याच्या नावाखाली एजंटला काम करावं लागतं तो ब्रोकरही मिळालाय, ओळखीतलं एक जोडपं घर बघायला तयार आहे, आणि तेवढ्यात कळतं की कमिशनचा चेक घेतला तर व्हिसाच धोक्यात येईल. बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, आपल्या मंडळींत असं झालेलं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. कॅलिफोर्नियाचं डिपार्टमेंट ऑफ रिअल इस्टेट, म्हणजे डीआरई, हे राज्याचं खातं आहे. ते लायसन्स देतं. तुम्हाला अमेरिकेत काम करायची परवानगी आहे का, हे ते बघत नाही. तो विषय केंद्राच्या इमिग्रेशन खात्याचा. एक खातं दुसऱ्याला विचारत नाही आणि मधल्या मधे आपण अडकतो.

तेव्हा पैसे भरण्याआधी आपला व्हिसा बघा. एच-१बी असेल तर ज्या कंपनीने पिटिशन भरली तिचंच काम करता येतं. एजंट सहसा ब्रोकरचा पगारी नोकर नसतो, स्वतंत्रपणे कमिशनवर काम करतो. त्यामुळे ‘फक्त शनिवार-रविवार करीन’ हे एच-१बीवर चालत नाही. एच-४, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा, असेल तर ईएडी, म्हणजे काम करायच्या परवानगीचं कार्ड, हवं. ते २०१५ पासून मिळू लागलं, तेही जोडीदाराची आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठीची पिटिशन, मंजूर झाली असेल किंवा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढवून मिळाला असेल तरच. एल-२ वरच्या, म्हणजे कंपनीने बदली करून आणलेल्या माणसाच्या, जोडीदाराच्या आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या नोंदीवर, ‘एल-२एस’ लिहिलेलं असलं की वेगळं कार्ड लागत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना यातलं काहीच लागू नाही, त्यांनी पुढे जावं.

मूळ अटी तशा साध्या आहेत. वय १८ पूर्ण, ठरावीक तीन कोर्स, एक परीक्षा, बोटांचे ठसे आणि फी. जुलै २०२४ पासून परीक्षेची फी १०० डॉलर आणि लायसन्सची ३५० डॉलर आहे. कॅलिफोर्नियाचे रहिवासी असण्याची अट नाही, नागरिकत्वाची तर नाहीच. पुण्याहून कोणी विचारतं, ‘इथूनच होईल का?’ कोर्स ऑनलाइन होतील. परीक्षेला मात्र कॅलिफोर्नियातल्या केंद्रावर स्वतः यावं लागतं, आणि टुरिस्ट व्हिसावर येऊन लायसन्स मिळवलं तरी त्यावर काम करता येत नाही. महारेराची नोंदणी असली तर चांगलंच आहे, अनुभव कामी येईल, पण इथे तिला काही किंमत नाही. कॅलिफोर्निया शेजारच्या नेवाडाचं लायसन्ससुद्धा जसंच्या तसं मानत नाही.

आता तो कागद, जो नेमका एच-४ वरच्या बायकांकडे नसतो: सोशल सिक्युरिटी नंबर. ईएडी नसेल तर तो मिळत नाही, आणि नंबर नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. बऱ्याच जणी इथेच नाद सोडतात. सोडू नका. सोशलच्या जागी आयटीआयएन, म्हणजे कर भरण्यासाठीचा नंबर, चालतो. राज्याचा तसा कायदाच आहे. आयटीआयएनसाठी डब्ल्यू-७ फॉर्म साधारणपणे नवरा-बायकोच्या एकत्र टॅक्स रिटर्नला जोडून पाठवतात. त्यासोबत मूळ पासपोर्ट पोस्टाने पाठवायची वेळ आली की लोकांच्या पोटात गोळा येतो, आणि ते बरोबरच आहे. आयआरएसने, म्हणजे केंद्राच्या कर खात्याने, नेमलेले सर्टिफाइंग एजंट असतात, ते पासपोर्ट समोर तपासून तिथेच परत देतात. चार पैसे जास्त गेले तरी हाच मार्ग धरा. नंबर यायला दोन-अडीच महिने गृहीत धरा. तोवर कोर्स करत राहता येतं. ईएडी येण्याच्या बेतात असेल तर अशी आधीच केलेली तयारी फार उपयोगी पडते.

कोर्स तीन, प्रत्येकी ४५ तासांचे: रिअल इस्टेट प्रिन्सिपल्स, रिअल इस्टेट प्रॅक्टिस, आणि तिसरा यादीतून आपल्या आवडीचा, म्हणजे फायनान्स, अप्रेझल (मालमत्तेची किंमत ठरवणं), लीगल आस्पेक्ट्स वगैरे. ‘मी बी.कॉम. आहे, अकाउंटन्सी झालीय, मग एक कोर्स तरी सुटेल ना?’ सुटू शकतो, पण भारतातली मार्कशीट थेट चालत नाही. डीआरईने मान्य केलेल्या मूल्यांकन संस्थेकडून ती तपासून घ्यावी लागते. विद्यापीठातून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट मागवायची, ती इकडे पोचवायची, मूल्यांकनाची फी भरायची. एवढा खटाटोप करून वाचतो एक कोर्स, जो ऑनलाइन काही आठवड्यांत झाला असता. मी तरी या भानगडीत पडू नका म्हणेन.

दुसरी गफलत जुन्या सर्टिफिकेटची. कोर्स केला, मग बाळ झालं, मग कोविड, आणि आता फाइल उघडली, असे बरेच जण असतात. १ जानेवारी २०२४ पासूनच्या अर्जांना प्रॅक्टिसचा कोर्स नव्या अभ्यासक्रमाचा लागतो. त्यात नकळत होणारा पक्षपात आणि फेअर हाउसिंग, म्हणजे घर देताना भेदभाव न करण्याचे कायदे, हे दोन भाग असायलाच हवेत. ते नसलेलं सर्टिफिकेट जोडलं तर अर्ज परत येतो. बाकीच्या दोन कोर्सांचं जुनं सर्टिफिकेट चालतं.

आणि ‘तीन आठवड्यांत लायसन्स’ अशी जाहिरात दिसली की पुढे सरका. ऑनलाइन कोर्सची शेवटची परीक्षा साहित्य हाती आल्यापासून १८ दिवसांच्या आत देताच येत नाही, हा नियम आहे. तीन कोर्स म्हणजे ५४ दिवस, तुम्ही कितीही हुशार असा.

आपल्या लोकांचे अर्ज सगळ्यात जास्त कशाने रखडत असतील तर नावाने. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात, सोशल कार्डावर मधलं नाव गायब, ड्रायव्हिंग लायसन्सवर नवऱ्याचं नाव मधे, आणि कोर्सच्या वेबसाइटवर घाईत लिहिलेलं घरचं सुटसुटीत नाव. लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर विचारूच नका. परीक्षेच्या केंद्रावर ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळावं लागतं. दारावरचा माणूस ‘आमच्याकडे वडिलांचं नाव मधे लावतात’ हे ऐकून घेत नाही, आणि त्याने का घ्यावं? कोर्सला नाव नोंदवण्याआधी जे ओळखपत्र परीक्षेला नेणार आहात ते समोर ठेवा आणि त्यावरचं नाव अक्षरन् अक्षर तसंच सगळीकडे लिहा.

मुदतींचं गणितही चुकतं. मुदती दोन आहेत. परीक्षेचा अर्ज भरल्यापासून दोन वर्षांत पास व्हायचं. या काळात नापास झालात तर पुन्हा फी भरून बसता येतं, पण घड्याळ नव्याने सुरू होत नाही. आणि पास झालेल्या तारखेपासून एका वर्षात लायसन्सचा अर्ज पोचायला हवा. लोक दोन वर्षांचा आकडा लक्षात ठेवतात आणि एक वर्षाचा विसरतात. ‘मूल शाळेत जायला लागलं की अर्ज करते’ म्हणून थांबलेल्या एका ताईंना पुन्हा सगळी परीक्षा द्यावी लागली. परीक्षा आणि लायसन्स यांचा एकत्र अर्जही असतो. त्याने वेळ वाचतो, पण दोन्ही फी आधीच जातात आणि परत मिळत नाहीत. पास होण्याची खात्री नसेल किंवा ईएडीचं भिजत घोंगडं असेल तर आधी नुसत्या परीक्षेचा अर्ज करा.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. १५० प्रश्न, तीन तास, ७० टक्के हवेत, म्हणजे १०५ बरोबर. चौथा हिस्सा प्रश्न व्यवहाराच्या पद्धती आणि डिस्क्लोजरवर, म्हणजे गिऱ्हाइकाला द्यायच्या माहितीवर, असतात, तिथे जोर द्या. पास झालात तर गुण सांगत नाहीत, नापास झालात तरच सांगतात. घरी फोनवर ‘किती पडले?’ विचारतील, त्यांना आधीच कल्पना द्या.

बोटांचे ठसे ‘लाइव्ह स्कॅन’ने, म्हणजे शाईऐवजी मशीनवर, देतात. बालवाडीतल्या नोकरीसाठी किंवा शाळेत स्वयंसेवक म्हणून पूर्वी दिलेले ठसे इथे चालत नाहीत. डीआरईचाच आरई २३७ हा फॉर्म नेऊन पुन्हा द्यायचे. सरकारी खर्च ४९ डॉलर, वर दुकानदाराची फी. शक्यतो पास झाल्यावर द्या, नाहीतर तेही पैसे वाया.

लायसन्स आलं तरी ब्रोकरच्या नावाखाली नोंद होईपर्यंत त्यावर काम करता येत नाही. कमिशनही नेहमी ब्रोकरमार्फतच येतं, गिऱ्हाइकाने प्रेमाने झेल (Zelle) या पैसे पाठवायच्या सेवेने थेट पाठवलं तरी घ्यायचं नाही. आणि लायसन्स येण्याआधीच व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘कोणाला घर हवंय का, मी मदत करते’ म्हणून पैसे ठरवणाऱ्यांसाठी: विनालायसन्स दलालीला २०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास, किंवा दोन्ही होऊ शकतं.

ईएडीचं नूतनीकरण लांबलं आणि मधे खंड पडला तर त्या दिवसापासून काम थांबवायचं, तशी ब्रोकरलाही कल्पना द्यायची. लायसन्स रद्द होत नाही. पण त्याची चार वर्षांची मुदत चालूच राहते, आणि ती संपताना नूतनीकरणासाठी ४५ तासांचं शिक्षण दाखवावंच लागतं, मधे एकही घर विकलेलं नसलं तरी.