बंदिस्त स्नोमोबाइल ट्रेलर : सोयी आणि उपसाधने

बर्फावर धावणारी स्नोमोबाइल रस्त्याने वाहून नेण्यासाठी पिकअपच्या किंवा मोठ्या मोटारीच्या मागे जोडतात ती छत, भिंती आणि दारे असलेली ओढगाडी म्हणजे बंदिस्त स्नोमोबाइल ट्रेलर. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन ही अमेरिकेची उत्तरेकडची राज्ये, रॉकी पर्वताचा पट्टा आणि कॅनडाचे ऑन्टॅरिओ व क्वेबेक हे प्रांत, हा तिचा मुलूख. गुलमर्गला पर्यटकांना बसवून फिरवतात ती ‘स्नो स्कूटर’ अनेक मराठी वाचकांनी पाहिलेली असते. ती स्नोमोबाइलच, पण ती हंगामभर बर्फातच मुक्काम ठोकून असते. उत्तर अमेरिकेत यंत्र मालकाच्या घरी आणि चांगला बर्फ कित्येक तासांच्या अंतरावर, अशी स्थिती असते. शुक्रवारी संध्याकाळी निघायचे आणि रविवारी रात्री परतायचे, या फेऱ्यांसाठी हा ट्रेलर लागतो.

क्वेबेकमधील व्हॅलकोर्ट या गावी जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांनी 1959 मध्ये ‘स्की-डू’ बाजारात आणली आणि एकादोघांनी बसायची हलकी स्नोमोबाइल घरोघरी पोहोचू लागली. मिनेसोटातील रोझो आणि थीफ रिव्हर फॉल्स या छोट्या गावांतही पोलारिस आणि आर्क्टिक कॅट यांचे कारखाने उभे राहिले. उघड्या, कलत्या पाटाच्या ट्रेलरवर ही यंत्रे नेणे सोपे असते, स्वस्तही पडते. पण तिकडे रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, आणि पुढच्या गाडीच्या चाकांतून उडणारा त्या मिठाचा चिखल रस्ताभर यंत्रावर बसत राहतो. बंदिस्त ट्रेलर घेण्याचे पहिले कारण हे मीठ. चोरीपासून बचाव आणि कपडे बदलायला आडोसा ही कारणे त्यानंतर येतात.

ट्रेलर निवडताना बहुतेक जण आधी किती यंत्रे बसतील ते पाहतात. ते पाहायला हवेच, पण ट्रेलरचे आयुष्य ठरते ते त्यात शिरणाऱ्या पाण्यावर. दिवसभर धावलेली स्नोमोबाइल संध्याकाळी आत चढवली जाते तेव्हा तिच्या पट्ट्याच्या (खाली फिरत यंत्राला पुढे ढकलणाऱ्या रबरी पट्ट्याच्या) वरच्या पोकळीत, स्कीच्या (पुढे बर्फावरून घसरणाऱ्या दोन पाट्यांच्या) सांध्यांत आणि पायठेवणीवर बर्फ दाबून घट्ट बसलेला असतो. चार यंत्रे म्हणजे असा चौपट बर्फ. घरी आल्यावर तो वितळतो, पाणी उताराच्या दिशेने मागच्या दाराशी येते, प्लायवूडच्या कापलेल्या कडेतून आत मुरते आणि रात्री पुन्हा गोठते. पुढच्या शुक्रवारी बिजागरी बर्फाने जखडलेली असते आणि दाराचे रबर चौकटीला चिकटलेले. ओढून उघडावे तर रबर फाटते. म्हणून मागच्या उंबऱ्याशी पाणी निघून जायला भोके किंवा चर आहे का, जमिनीच्या कडा मेण किंवा रंग लावून बंद केल्या आहेत का, आणि बिजागरीत वंगण घालायची सोय आहे का, हे तीन प्रश्न विक्रेत्याला सर्वांत आधी विचारावेत.

आकाराचे गणित यंत्रावरून मांडावे. साधारण स्नोमोबाइल दहा ते साडेअकरा फूट लांब आणि स्कीपाशी सुमारे चार फूट रुंद असते; डोंगरात चालवायची लांब पट्ट्याची यंत्रे जास्त जागा घेतात. रस्त्यावर ट्रेलरच्या रुंदीची सर्वसाधारण मर्यादा 102 इंच, म्हणजे साडेआठ फूट. तेवढ्या रुंद ट्रेलरमध्ये दोन यंत्रे शेजारी-शेजारी राहतात. सात फुटी अरुंद ट्रेलरमध्ये ती थोडी मागेपुढे सरकवून लावतात. स्की रुंद आणि मागचा भाग निमुळता असल्याने एकाच्या शेपटीशी दुसऱ्याची स्की बसते. अरुंद ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या आडोशात राहतो आणि वारा कमी खातो. मात्र त्यात यंत्र बांधताना भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये माणसाला वाकायलाही जागा उरत नाही. जो एकटा प्रवास करतो त्याने हे प्रत्यक्ष आत वाकून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

समोरचा भाग बहुधा पाचरीसारखा निमुळता असतो. त्याने वारा कापला जातो आणि कपाट, इंधनाचे कॅन, हेल्मेट ठेवायला कोपरा मिळतो. या निमुळत्या भागाच्या बाजूला दुसरे उतरते दार, म्हणजे पुढचा रॅम्प, असला तर यंत्रे मागून चढवून पुढून उतरवता येतात. ही सोय चैनीची वाटते, पण ती यंत्राच्या स्वभावातून आली आहे. जुन्या स्नोमोबाइलना मागे जायचा गिअरच नसे; आज बहुतेकांना तो असला, तरी सव्वादोनशे-अडीचशे किलोचे यंत्र अरुंद जागेत, गोठलेल्या बोटांनी, पाठीमागे नीट न दिसता सरकवणे हे काम कठीणच. दोनपेक्षा जास्त यंत्रे न्यायची असतील तर पुढच्या रॅम्पवर काटकसर करू नये.

स्कीच्या तळाला वळण घेण्यासाठी कार्बाइडची (अतिशय कठीण मिश्रणाची) धार बसवलेली सळी असते आणि अनेक जण पट्ट्याला बर्फात रुतणारे खिळेही लावतात. ही दोन्ही उघड्या प्लायवूडची साले काढतात. त्यावर उपाय म्हणजे स्की जिथून जातात तिथे कठीण प्लास्टिकच्या पट्ट्या आणि मधोमध, पट्टा जिथे जोर लावतो तिथे, खरबरीत रबर. सगळीकडे प्लास्टिक लावले तर पट्टा जागच्या जागी फिरतो आणि यंत्र रॅम्पवर अडकते. सगळीकडे रबर लावले तर स्कीची धार ते फाडते. प्लास्टिकच्या दोन पट्ट्यांमधले अंतर आपल्या यंत्राच्या स्कीच्या अंतराशी जुळते का, हे मोजपट्टी लावूनच ठरवावे. यंत्र जागी धरण्यासाठी दोन्ही स्कींवरून आडवा दांडा टाकून तो हँडल फिरवून आवळतात. मागच्या बाजूला कड्यांना अडकवलेला बांधायचा पट्टा लागतोच. जमिनीत लांब खाचांच्या लोखंडी पट्ट्या बसवल्या असतील तर उन्हाळ्यात त्याच ट्रेलरमधून मोटारसायकल किंवा घरसामानही नेता येते.

सांगाडा ॲल्युमिनियमचा की पोलादाचा, हा वाद कायमचा आहे. पोलाद स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे. पण साध्या मिठाचा परिणाम उणे 9 अंश सेल्सियसच्या आसपास मंदावतो, म्हणून कडाक्याच्या थंडीत रस्त्यांवर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइडही वापरतात. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि सांध्यांत ओलसरच राहतात. तिथे पोलाद लवकर गंजते. ॲल्युमिनियम तसे गंजत नाही आणि वजनालाही हलके, पण त्यात पोलादी स्क्रू थेट बसवले तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि स्क्रूभोवतीचे ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडते. मीठ पसरणाऱ्या राज्यांत जास्त पैसे मोजून ॲल्युमिनियम घेणे योग्य. मात्र आतली कडी-कपाटे स्वतः बसवणाऱ्याने धातूंच्या मध्ये प्लास्टिकची चकती घालावी.

हवेची सोय हा जिवाचा प्रश्न आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साठते. फक्त छताला झरोका ठेवून ती निघत नाही. झरोके खाली आणि वर, दोन्हीकडे हवेत. दारे बंद असताना आत इंजिन कधीही चालू करू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कपडे वाळवण्यासाठी हीटर बसवण्याची पद्धत वाढली आहे. त्यातले उघड्या ज्योतीचे प्रोपेन हीटर दोन्ही बाजूंनी वाईट : ज्योत आणि इंधनाची वाफ एकाच खोलीत येतात, शिवाय एक किलो प्रोपेन जळताना सुमारे 1.6 किलो पाणी तयार होते. म्हणजे ओले कपडे वाळवायला लावलेला हीटरच भिंती ओल्या करतो. ज्वलनाची हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा हीटर महाग असला तरी तोच घ्यावा.

ओढण्याच्या सुरक्षेत वजनाचा हिशेब पहिला. प्रत्येकी 3,500 पौंड क्षमतेचे दोन ॲक्सल असलेल्या ट्रेलरचे भारासह एकूण वजन साधारण 7,000 पौंडांपर्यंत चालते. रिकामा ट्रेलर 2,500 पौंडांचा आणि इंधनासह 600 पौंडांची चार यंत्रे धरली, तर 2,100 पौंड उरतात. कपाटे, हीटर, सुटे चाक, कॅन आणि बर्फ या उरलेल्यात बसवायचे. एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भाग हिचवर, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडतात त्या जोडावर, यावा. तो कमी पडला की ट्रेलर मागे डोलू लागतो. स्नोमोबाइलचे इंजिन पुढच्या टोकाला असल्याने यंत्रे कोणत्या दिशेला तोंड करून उभी केली, यानेही हा भाग बदलतो. विजेवर चालणारे ब्रेक, आणि हिच निसटल्यास ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावणारी कळ व तिची बॅटरी, यांची तपासणी दर फेरीला करावी. एलईडी दिवे टिकाऊ असतात, पण जुन्या दिव्यांसारखे तापत नाहीत. त्यांच्यावर साचलेला बर्फ आपोआप वितळत नाही. मागचा लाल दिवा दिसतो का, हे पेट्रोल पंपावर उतरून हाताने पुसून पाहावे लागते.

छतावरचा बर्फही उतरवूनच निघावे. महामार्गावर सुटलेला बर्फाचा पत्रा मागच्या गाडीची काच फोडतो. न्यू हॅम्पशायरमध्ये वाहनावरचा बर्फ न काढता गाडी चालवणाऱ्यावर कारवाईची तरतूद आहे. उंच ट्रेलरवर हात पोहोचत नाही, म्हणून लांब दांड्याचा फोमचा झाडू ही शंभर उपसाधनांतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू.

भिंतींना आणि जमिनीला गालिचा लावलेले ट्रेलर प्रदर्शनांत देखणे दिसतात. गालिच्यात पाणी आणि पेट्रोल दोन्ही मुरतात आणि त्याखालचे लाकूड कुजते ते दिसतही नाही. वापरलेला ट्रेलर घेताना तो गालिचा मागच्या उंबऱ्याशी उचलावा आणि प्लायवूडच्या कडेवर अंगठा दाबून पाहावा. अंगठा रुतला, तर वरची रंगरंगोटी कितीही नवी असो, तो ट्रेलर घेऊ नये.